कुत्र्याला घेऊन दिवाळीला

कुत्रा पाळणाऱ्या माणसाची खरी परीक्षा दिवाळीच्या चार दिवसांत होते, आणि आमच्या पिंपरी-चिंचवडातले पुष्कळसे सद्गृहस्थ त्या परीक्षेत दरसाल नापास होतात. वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. दुसऱ्या दिवशी फटाक्यांची पहिली माळ लागते आणि घरातला कुत्रा पलंगाखाली शिरतो तो भाऊबीजेपर्यंत बाहेर येत नाही. खात नाही, जिना उतरायला तयार होत नाही, थरथरत पडून राहतो. त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. हा लक्ष्मीच्या स्वागताचा सोहळा आहे, हे त्या बिचाऱ्याला कोणी समजवावे? आपल्या सोसायट्यांच्या फाटकांवर रात्र काढणारे नेपाळी पहारेकरी आहेत ना, त्यांच्या देशात याच सणात एक दिवस कुत्र्याचा असतो. त्या दिवशी त्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. आपण त्याच्या शेपटीजवळ लवंगी लावणाऱ्या चिरंजिवांचे कौतुक करतो.

आता यावर मालक काय उपाय काढतात? ते पवना धरणाच्या काठी तंबू ठरवतात, सगळी मंडळी मोटारीत बसतात, आणि कुत्रा दिवसाच्या भाड्याने कुठल्यातरी पिंजऱ्यात जातो. हे तंबू वाचकांनी एकदा पाहावेत. लष्करी शिस्तीत एका रंगाच्या रांगा, मध्ये शेकोटी, शेकोटीशेजारी लाऊडस्पीकर. शहरातल्या गोंगाटाला कंटाळून आलेली माणसे तोच गोंगाट पैसे मोजून पाण्याकाठी ऐकतात. ज्या पवनेचे पाणी आपण पिंपरीत नळाने पितो, तिच्या काठी कागदी बश्या टाकून सकाळी परत फिरतात. कित्येक ठिकाणी ‘कुत्री आणू नयेत’ अशी पाटी असते. ती लावणाऱ्याला मी फारसा दोष देत नाही. त्या लाऊडस्पीकरजवळ कुत्र्याला नेणे हीच क्रूरता.

माझे म्हणणे सरळ आहे. दिवाळीत घराबाहेर पडायचे असेल तर कुत्र्याला बरोबर घेऊन पडा, स्वतःची राहुटी न्या, आणि लांब जाऊ नका. हे ऐकून भुवया उंचावणारी मंडळी मला ठाऊक आहेत. “कुत्र्याला सहल? ही साहेबी थेरं!” आता साहेबांत तशी उदाहरणे आहेत, नाही असे नाही. जॉन स्टाइनबेक हा अमेरिकन कादंबरीकार 1960 साली चार्ली नावाच्या कुत्र्याला मोटारीत घालून सबंध देश हिंडला, त्यावर पुस्तकही लिहिले. पण कुत्र्यासह माळावर मुक्काम टाकण्याची विद्या साहेबाने आपल्याला शिकवलेली नाही. पावसाळा संपला की आपल्याच जिल्ह्यातून धनगरांचे वाडे कोकणच्या वाटेला लागतात. घोड्यावर संसार, पुढे मेंढरे, कडेला कुत्री. संध्याकाळी एखाद्याच्या रानात मेंढरे बसतात, शेताला खत मिळते, धनगराला धान्य मिळते, आणि रात्रभर लांडग्यावर नजर ठेवतो तो कुत्रा. त्या कुत्र्याशिवाय त्या घरातले कोणी निर्धास्त झोपत नाही. याला साहेबी थेर म्हणण्याची कोणाची छाती आहे?

शिवाय आपल्या भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना आपण रोज उदबत्ती ओवाळतो. खंडोबाच्या पायाशीही कुत्रा आहेच. साताऱ्याच्या शाहू महाराजांना वाघाच्या शिकारीत ज्या कुत्र्याने वाचवले, त्याला त्यांनी पालखीचा मान आणि जहागीर दिल्याची हकीकत ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदून ठेवली आहे. साताऱ्याजवळ माहुलीला त्या खंड्याची समाधी दाखवतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा सहकुटुंब तिथे जाऊन यावे आणि मग लिफ्टमधली ती पाटी पुन्हा वाचावी.

कुत्रा बरोबर असण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मी सर्वांत मोठा मानतो. कुत्रा तुम्हाला थांबायला लावतो. दर तासा-दीड तासाने त्याला उतरवावे लागते. एरवी आमचा मोटारवाला एकदा निघाला की थेट मुक्कामाच्या फाटकातच थांबतो. वाटेत काय आहे, याची त्याला शुद्ध नसते. चाकणच्या तळेगाव चौकात तासन्‌तास अडकून शिव्या मोजणाऱ्या माणसांना विचारा की इथे एक भुईकोट आहे, पाहिलात का? बहुतेकांना संग्रामदुर्ग हे नाव एखाद्या कारखान्याचे वाटेल. याच गढीएवढ्या किल्ल्यातून फिरंगोजी नरसाळ्याने 1660 च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले. खानाला शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. आज त्या तटाचे तुकडे वस्तीत अंग चोरून उभे आहेत. आपल्या मोटारींचे सुटे भाग जगभर जातात, आणि ते बनवणाऱ्याच्या मुलाला हाकेच्या अंतरावरचा फिरंगोजी माहीत नसतो. गावातच चक्रेश्वराचे देऊळ आहे. दशरथाच्या रथाचे चाक इथे पडले म्हणून गावाचे नाव चाकण, अशी कथा सांगतात. खरी असो, खोटी असो, मुलांना सांगायला उत्तम.

तसेच नाशिक रस्त्याने वर गेलात तर आळेफाट्याजवळ आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा. जगात माणसांनी रस्त्याकडेला नाना चमत्कारिक वस्तू मांडून ठेवल्या आहेत. अमेरिकेत तर सिमेंटचे अजस्र प्राणी उभारून प्रवासी थांबवतात. निगडीला आपणही भक्ती-शक्ती शिल्पाच्या उद्यानात 2018 साली 107 मीटरचा ध्वजस्तंभ उभारला. पण एका मुक्या जनावराला संताच्या पंगतीला बसवून त्याची समाधी बांधावी आणि तिथे नारळ फोडावा, ही बुद्धी मला फार लोभस वाटते. आळंदीची ती चाललेली भिंतही याच जातीची. तिथे आत कुत्रा नेऊ नये, हे सांगायला नकोच. घरातल्या एकाने बाहेर साखळी धरावी, मग पाळी बदलावी.

राहुटी कुठे टाकायची? शेतकऱ्याला विचारून, कापणी झालेल्या रानात. कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली हवी आणि कोंबड्या-मेंढरांजवळ तो साखळीला हवा. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. खेडपासून जुन्नरपर्यंतच्या उसात बिबट्याची वस्ती आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. रात्री कुत्र्याला बाहेर खुंटीला बांधून तुम्ही आत घोरत पडलात, तर त्याला सहलीला नव्हे, बळी द्यायला नेले असे होईल. तो राहुटीतच झोपेल. अंगाला वास लागेल म्हणून ज्यांना हे चालणार नाही, त्यांनी उसाच्या मुलखात मुक्कामच करू नये.

आणि ज्यांना हे सगळेच जड वाटते, अशांपैकी काहींचा उपाय मी लिहितानाही संकोचतो. घाटात किंवा धरणाच्या वाटेवर मोटार थांबते, दार उघडते, कुत्रा आनंदाने खाली उडी मारतो, आणि दार बंद होते. गळ्यात पट्टा असलेली, प्रत्येक पांढऱ्या मोटारीमागे धावणारी ही कुत्री कोणाची? 2025 साली मोकाट कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, देशभर माणसे एकमेकांच्या अंगावर धावून गेली. पण ही पट्टेवाली कुत्री रस्त्यावर आणली कोणी, हे विचारणारे थोडेच निघाले. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा 1960 चा. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 रुपयांपासून 50 रुपयांपर्यंत. तेव्हा ही रक्कम बरी असेल. आज पवनेच्या वाटेवर तेवढ्यात दोन कप चहा येतात, आणि तो दंड तरी भरलेला गृहस्थ मला अजून भेटायचा आहे.