फैजपूरचे अपुरे राहिलेले काम

धुळ्याच्या एका अभ्यासवर्गात तरुण कार्यकर्त्याने विचारले, "आपली घटना ही परक्यांची उसनवारी आहे, प्राचीन भारतीय कायद्याचे तीत काही नाही, या आक्षेपाला उत्तर काय द्यावे?" प्रश्न महत्त्वाचा आहे. या आक्षेपाच्या आडून जन्मजात विषमतेच्या शास्त्राला पुन्हा प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न होत असतो.

मुळात प्राचीन कायदा एकजिनसी नव्हता. बौद्ध भिक्षुसंघात ठराव मांडण्याचे, गणसंख्येचे, शलाका वाटून मते घेण्याचे नियम होते. त्यांचा दाखला देऊन डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले की, संसदीय कामकाजाची रीत या भूमीला अपरिचित नव्हती. उलट, मनुस्मृतीने एकाच अपराधाला वर्णागणिक वेगळी शिक्षा सांगितली. तिचे दहन महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी झाले ते डॉ. आंबेडकरांच्याच नेतृत्वाखाली. वारशातले काय घ्यावे व काय टाकावे, याची निवड आपल्या नेत्यांनी डोळसपणे केली होती.

या निवडीत खानदेशाचाही वाटा आहे. २९ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले; त्यानंतर दोनच दिवसांनी अमळनेरच्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी ते यशस्वी झाले. दिल्लीत कलम संमत झाले तरी देवळाचे दार उघडण्यास लोकशक्तीच लागते, हा त्याचा धडा.

मग उसनवारी कोठेच नाही काय? आहे, पण आक्षेपक दाखवितात तेथे नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याने १९३५ चा कायदा धिक्कारला, प्रौढ मताधिकाराने निवडलेली घटना समिती मागितली आणि किसान कार्यक्रम मंजूर केला : खंड व साऱ्यात कपात, न परवडणाऱ्या तुकड्यांना माफी, कर्जवसुलीस तहकुबी, शेतमजुरांना जीवनवेतन.

पुढे घडले ते वेगळेच. १९४६ ची घटना समिती मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक आमदारांनी निवडली. प्रौढ मताधिकार १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्यक्षात आला, ही मोठीच कमाई. परंतु धिक्कारलेल्या त्या कायद्यातील प्रशासनाचा पुष्कळ तपशील घटनेत उतरला, आणि फैजपूरचे जीवनवेतन ४३ व्या कलमात, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, जाऊन बसले. ३७ व्या कलमानुसार ही तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत. सत्तेच्या यंत्रणेला कायद्याचे बळ लाभले. श्रमाच्या मोलाला केवळ आश्वासन.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ही विसंगती सर्वांत घातक वाटते. एक माणूस, एक मत हे तत्त्व मतपेटीशी थांबते. केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात राबणाऱ्या बाईच्या मजुरीपर्यंत ते पोचत नाही.

म्हणून त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे : समता ही उसनवारी नव्हे, ती आपण लढून मिळविली आहे. परकीयांकडून उसनी आली आहे ती साहेबी राज्ययंत्रणा. तिच्यावर लोकांचा अंकुश बसविणे आणि जीवनवेतनाला हक्काचे रूप देणे, हे फैजपूरचे अपुरे राहिलेले काम. ते आपले आहे.