पुरावा गरिबानेच द्यायचा काय?

अमेरिकेत कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरिताला हद्दपारीतून सवलत हवी असेल, तर 10 वर्षांचे सलग वास्तव्य शाबीत करावे लागते. मात्र सुनावणीची तारीख-वेळच नसलेल्या नोटिशीने ही मुदत तुटत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली बजावले.

आमच्या कोथरूडच्या केळेवाडीत, सुतारदऱ्यात कुणी परदेशी नाही. तरीही झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळवायला 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा लागतो. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत आलेल्यांनी पैसे मोजायचे. धुणीभांडी करणाऱ्या बाईने पंचवीस वर्षांपूर्वीचे लाईटबिल कोठून आणावे? (मीटर तरी तिच्या नावावर होते काय?) जुन्या मतदारयाद्या शासनाच्याच दप्तरी आहेत. अपात्र ठरविण्याआधी त्या अधिकाऱ्यांनी स्वतः तपासाव्यात.