आधीं गिऱ्हाईक, मग दलाल

तलवाड्याचा शेतकरी तूर-बाजरी घेऊन अडतीच्या दुकानीं जातो, तेव्हां तो अडत्याच्या शब्दावर विसंबतो. अडत ही मालकाचें हित राखण्याची मजुरी होय. मालकाचा माल तसाच ठेवून चढ्या भावांत स्वतःचा माल आधीं काढणारा अडत्या त्या नांवास पात्र नव्हे. हीच कसोटी शेअरदलालास लावावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. गेवराई तालुक्यांतील गांवांतूनहि आज फोनवरून शेअर घेतां येतात. तेव्हां हा प्रश्न एकट्या मुंबईचा राहिलेला नाहीं.

लबाडीची रीत सोपी आहे. समजा, मोठ्या गिऱ्हाइकानें लाख शेअर घेण्यास सांगितले. एवढ्या मागणीनें भाव चढणार, हें दलालास ठाऊक असतें. तो शंभर रुपये भावानें स्वतःची खरेदी आधीं उरकतो, मग गिऱ्हाइकाची मागणी बाजारांत टाकतो, आणि भाव एकशेंदोन होतांच आपले शेअर विकून मोकळा होतो. हा नफा गिऱ्हाइकाच्या खिशांतून आलेला असतो. तें गिऱ्हाईक पुष्कळदां म्युच्युअल फंड असतें. म्हणजे असंख्य शिक्षकांची व दुकानदारांची महिन्याकाठची बचत. एकेकाचें नुकसान कांहीं पैशांचेंच, म्हणून ओरड कोणीच करीत नाहीं.

कोणी म्हणेल, १९९४ पासून राष्ट्रीय शेअरबाजारांत यंत्रच क्रम लावतें. मग लबाडीस वाव कोठें? यंत्र आपल्यापर्यंत आलेल्या मागण्यांचा क्रम राखतें. दलालानें दाबून ठेवलेली मागणी त्यास दिसत नाहीं.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. मुखत्यारानें मालकाच्या नकळत, त्याच्याऐवजीं स्वतःसाठीं व्यवहार केला, तर तो नफा मालकास मागतां येतो, असें १८७२ चा करार कायदा सांगतो. सेबीच्या २००३ च्या नियमांनीं दलालाची ही आगाऊ खरेदी निषिद्ध ठरविली. २० सप्टेंबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, दलाल नसलेला मनुष्यहि अशा कृत्याबद्दल दोषी ठरूं शकतो, असा निर्णय दिला.

परंतु कायदा मागून येतो. जागरूकता आधीं हवी. व्यवहारानंतर चोवीस तासांच्या आंत दलालानें काँट्रॅक्ट नोट दिली पाहिजे. तींत वेळ नमूद असते. आपण मागणी केव्हां सांगितली व ती बाजारांत केव्हां गेली, हें प्रत्येक गिऱ्हाइकानें ताडून पाहावें आणि अंतर पडल्यास जाब विचारावा. दलालांनींहि ओळखावें कीं, दलाली घेतली त्याच क्षणीं पहिला हक्क गिऱ्हाइकाचा झाला. व्यापारांत पत जाण्यास एक दिवस पुरतो. ती परत मिळविण्यास आयुष्यहि अपुरें पडतें.