मिठाने सोडवलेली गाठ

पोचे पडलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याकडे घरात कोणी आदराने पाहत नाही. ते मोडीतच जायचे. पण १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर अमेरिकेने बसवला, तो धातू हाच. पावणेतीन किलोंच्या आसपास वजनाचा तो तुकडा वर चढवण्याआधी न्यूयॉर्कमधल्या जवाहिऱ्याकडे लोकांना पाहण्यासाठी ठेवला होता. तेव्हा ॲल्युमिनियम चांदीच्या पंक्तीला बसत असे.

धातू दुर्मिळ होता म्हणून? मुळीच नाही. भूकवचात त्याच्याइतका विपुल दुसरा धातू नाही. अडचण होती ती त्याला मोकळे करण्याची. लोखंडापासून ऑक्सिजन तोडायला भट्टीतला कोळसा पुरतो. ॲल्युमिनियमची मिठी तशी सुटत नाही. पाण्यातल्या द्रावणातून वीज सोडावी, तर धातू सुटण्याआधी पाण्याचेच विघटन होते.

वाट हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्येच दाखवली होती. पाण्याचा नाद सोडून त्यांनी वितळत्या पोटॅशमधून वीज नेली आणि पोटॅशियम मिळवले. पुढे १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू या विशीतल्या तरुणांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, तीच वाट ॲल्युमिनियमपर्यंत नेली. ॲल्युमिना वितळायला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. पण क्रायोलाइट या वितळलेल्या क्षारात तो हजार अंशांच्या आतच विरघळतो. रसायनशास्त्राच्या भाषेत हेही एक मीठच. या मिठाने चांदीच्या पंक्तीतला धातू आपल्या चुलीवर आणला.

टायटॅनियमची गाठ याहून चिवट. विमानाला, अवकाशयानाला, मोडलेल्या हाडाच्या आधाराला लागणारा हा हलका, न गंजणारा धातू आजही मुख्यतः विल्यम क्रोल यांच्या पद्धतीने तयार होतो. तिचे अमेरिकी पेटंट १९४० चे. टायटॅनियमच्या क्लोराइडवर वितळलेल्या मॅग्नेशियमची क्रिया घडवायची, मग निर्वातात तापवून उरलेले मॅग्नेशियम आणि त्याचे क्लोराइड काढून टाकायचे. मागे राहतो तो सच्छिद्र ‘स्पंज’. वेगळे झालेले क्लोराइड वितळवून त्यातून वीज नेली की मॅग्नेशियम पुन्हा हाती येते. एकेका घाण्याला दिवसचे दिवस लागतात आणि हवेचा थोडासा शिरकावही धातू ठिसूळ करतो.

२००० साली केंब्रिजमधल्या फ्रे, फार्दिंग आणि चेन यांनी वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये टायटॅनियमच्या ऑक्साइडमधूनच ऑक्सिजन ओढून काढला. आता हा धातू स्वस्त होणार, अशी आशा तेव्हा जगाला वाटली. पाव शतक लोटले, तरी क्रोल यांची सद्दी संपलेली नाही. प्रयोगशाळेतला चमचाभर धातू आणि कारखान्यातला टनभर धातू यांत किती अंतर असते, ते यावरून कळावे.

आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत टायटॅनियमचे खनिज विपुल आहे. रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही ते आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने विकसित केलेल्या तंत्रावर, विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या अर्थसाहाय्याने, केरळात चवरा येथे २०११ साली वर्षाला ५०० टन क्षमतेचा स्पंज कारखाना उभा राहिला. वाळू तर तिथे आधीपासूनच होती. वाळूपासून धातूपर्यंतचा रस्ता मात्र आपल्या शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे खपून बांधावा लागला.

म्हणून किनारे खणून वाळू बाहेर धाडण्याची घाई करणाऱ्यांना एकच विचारावे: त्या वाळूतला धातू सोडवणाऱ्या प्रयोगशाळेसाठी तुम्ही किती वर्षे थांबायला तयार आहात? खणलेला किनारा सहजी परत येत नाही, आणि कच्च्या मालाच्या बदल्यात हाती पडणारे पैसे तयार धातूच्या किमतीपुढे किरकोळ असतात.

आणि ते पोचे पडलेले पातेले? एक किलो ॲल्युमिनियम खनिजातून काढायला नुसत्या विद्युतघटातच चौदा युनिटांच्या आसपास वीज लागते; जुने वितळवायला एकूण ऊर्जेचा जेमतेम विसावा हिस्सा पुरतो. ते कचऱ्यात न टाकता मोडीतच द्यावे. दोन तरुणांनी सोडवलेली गाठ पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसण्याचे कारण नाही.