अर्जाआधी अर्धा तास

मुळशी तालुक्यातल्या लवळ्यात फ्लेम विद्यापीठात साहित्य आणि मानसशास्त्र शिकता येतं. त्याच गावात सिंबायोसिसचं महिला वैद्यकीय महाविद्यालयही आहे. या दोहोंमधली पायवाट म्हणजे नॅरेटिव्ह मेडिसिन, रुग्णाची हकीकत नीट ऐकण्याचं शिक्षण. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २००९पासून त्यात एम.एस. करता येतं. ती वाट आखणाऱ्या डॉ. रिटा शॅरन फिजिशियन, शिवाय इंग्रजी साहित्यात पीएच.डी.

पदवीला असतानाच अशा एम.एस.साठी अर्ज करायचा, काही श्रेयांक दोन्हीकडे मोजून घ्यायचे आणि वर्ष वाचवायचं, अशी सोय काही परदेशी विद्यापीठांत असते. वर्ष वाचवा, हरकत नाही. पण ऐकायला शिकताना घाई? तिथे आमचं अडतं.

अर्जातल्या निबंधात 'लहानपणापासून सेवेची ओढ' नको. मुळशीतल्याच पौडच्या सरकारी दवाखान्याबाहेर अर्धा तास बसा. एखाद्या आजीला विचारा, बीपीची गोळी अर्धीच का घेता? उत्तर औषधाबद्दल नसेल. एसटीच्या भाड्याबद्दल असेल, सुनेबद्दल असेल. एमबीबीएस झालेले अनिल अवचट आयुष्यभर असंच ऐकत आणि लिहीत राहिले, अर्जबिर्ज न करता.

आजीचं नाव बदलून, तिला विचारून, ती हकीकत मराठीत लिहा. आधी आमच्याकडे पाठवा.