आठ गुणांचा अनुवाद

गेल्या महिन्यात एका मित्राच्या बढतीचा अर्ज भरायला बसलो होतो. ते सीनियर कॉलेजात उर्दू शिकवतात, मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात मराठी. मराठी टायपिंग त्यांना जमत नाही, म्हणून मला बोलावलेलं. चार वर्षं खपून त्यांनी एका मराठी ग्रंथाचा उर्दू अनुवाद केलाय. एकेका शब्दासाठी रात्री अकराला फोन यायचा. तक्त्यात त्या ग्रंथाचे गुण शोधले. आठ.

"आणि सहा पानांचा शोधनिबंध?" मी विचारलं.

"दहा. पानं कोण मोजतंय, भाई?"

ही कुणा कारकुनाची चूक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतच तसं छापलंय. भाषा आणि मानव्यविद्यांत एका निबंधाला दहा गुण, अख्ख्या पुस्तकाच्या अनुवादाला आठ. दोन भाषांमध्ये उभं राहणाऱ्या माणसाची किंमत यापेक्षा स्वच्छ शब्दांत कुणी सांगितली नसेल.

सहकार्याचंही तेच. निबंधाला दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. तीन झाले की मुख्य लेखकाला सत्तर, बाकीच्यांना तीस-तीस. आता आदिलशाहीच्या काळातला फारसी-मराठी असा दुभाषी कागद घ्या. तो वाचायला फारसीचा जाणकार हवा, मोडी वाचणारा हवा आणि इतिहासाचा अभ्यासक हवा. तिघे बसले तर एकाला सात गुण, दोघांना तीन-तीन. मग कोण कशाला दुसऱ्याच्या दारात जाईल? एकीकडे आंतरविद्याशाखीय संशोधनाची भाषणं ठोकायची आणि दुसरीकडे सोबत बसणाऱ्याचे गुण कापायचे.

भौतिकशास्त्रात 2015 साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक निबंध आला. त्याचे लेखक 5154. तेहतीस पानांतली चोवीस पानं नावं आणि संस्थांच्या यादीचीच. त्या कामाला तेवढी माणसं लागलीच असतील, माझी तक्रार नाही. पण 'लेखक' हा शब्द तिथे आणि आमच्या मित्राच्या टेबलावर एकच अर्थ सांगतो असं समजून आकडे शेजारी ठेवायचे, याला मोजमाप म्हणत नाहीत.

आता एच-इंडेक्स. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 मध्ये सुचवला. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा जणांनी संदर्भ म्हणून वापरलं, तर तुमचा आकडा दहा. जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे येतात, हे खुद्द हर्शनेच त्या निबंधात नोंदवलं होतं. एका आकड्यातून माणसाचा ढोबळच अंदाज येतो, हेही. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचायची नाही आणि चमचे मात्र मोजत राहायचे, असं आपलं चाललंय.

माधव जूलियन यांचा 'फार्शी-मराठी कोश' 1925 चा. शंभर वर्षं झाली, अजून तो उघडल्याशिवाय बखर वाचणाऱ्याचं पान हलत नाही. समजा, त्यांनी तेवढं एकच पुस्तक केलं असतं. हजार अभ्यासकांनी संदर्भ दिला तरी एच-इंडेक्स एकच. इम्पॅक्ट फॅक्टर तर नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांवर ठरतो. आमच्या विषयात दोन वर्षांत पुस्तक जिल्ह्याच्या ग्रंथालयात पोचलं तरी नशीब. शिवाय हे सारं मोजणारे स्कोपससारखे कोश प्रामुख्याने इंग्रजीवर चालतात. मराठी पुस्तकाच्या तळटीपेत उर्दू पुस्तकाचं नाव आलं, तर ते मोजायला कोण बसलंय?

(गंमत म्हणजे ज्या 'अर्जा'वर 'तारीख' टाकून 'सही' करायची आणि सोबत 'दाखले' जोडायचे, ते चारही शब्द अरबी-फारसीतून आलेत. त्यांची गोष्ट सांगणाऱ्याला मात्र तक्त्यात जागा नाही.)

लोक म्हणतील, आकडे नसताना काय होतं? वशिला होता. खरंय. ज्याचा मामा समितीत, त्याची बढती आधी. आमच्या समाजातल्या पहिल्या पिढीच्या प्राध्यापकांना तर मामाच नव्हते, त्यांना आकड्यांचा आधार वाटला, हे मी पाहिलंय. पण वशिल्याची जागा पावतीने घेतली. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या. त्याला आवर घालायला आयोगाने नियतकालिकांची केअर यादी काढली, आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद करून टाकली. संशोधकाचं काम नियतकालिकाच्या आकड्यावरून जोखू नका, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यात 2012 पासून लिहिलेलं आहे. त्यावर जगभरातल्या संस्थांच्या सह्या आहेत.

माझं मागणं साधं आहे. ज्याचं काम जोखायचं, ते त्या भाषेच्या जाणकाराने वाचावं. उर्दू-मराठीचं असेल तर दोन्ही येणाऱ्याने. वाचून दोन परिच्छेद लिहावेत, खाली नाव घालावं आणि ते उमेदवाराला दाखवावं. मामा असलेल्यालाही मग कारण लिहावं लागेल. वेळ जातो म्हणता? चार वर्षांच्या कामाला समितीने चार दिवसही देऊ नयेत?

त्या रात्री आम्ही आठच लिहिले. मित्र म्हणाले, पुढचा अनुवाद तूर्त बाजूला ठेवतो, प्रस्तावनेचे तीन तुकडे करून तीन निबंध पाठवतो. तीस गुण होतात. मला त्यांना नको म्हणता आलं नाही.