क्लच विकण्याआधी दोन प्रश्न विचारा

गेल्या काही वर्षांत गॅरेजच्या आणि सुट्या भागांच्या धंद्यात एक नव्या प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. गाडी सहा-आठ वर्षे वापरलेली, पण मालक तरुण आणि शौकीन. इंजिनाच्या कॉम्प्युटरचे रिमॅप त्याने कुठूनतरी करून घेतलेले असते. पिकअप वाढतो, मित्रमंडळींत वाहवा होते आणि पाच-सहा महिन्यांत स्वारी काउंटरवर हजर होते. "चाचा, क्लच स्लिप मारतोय, काहीतरी दमदार द्या." कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत बसणाऱ्या आमच्या वाचकांना हे बोलणे चांगलेच ओळखीचे असेल.

या 'दमदार'चे उत्तर देताना आपले लोक घाई करतात, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि त्या घाईची किंमत गिऱ्हाइकापेक्षा मिस्त्रीच जास्त मोजतो. क्लच ही काही वायपरची पट्टी नव्हे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दिवस मोडतो. चुकीचा माल बसला तर दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी कोणी देत नाही.

आमच्या परिचयातील एका गॅरेजात घडलेली गोष्ट सांगतो. गाडी होती पोलो जीटी टीडीआय, दीड लिटरचे डिझेल इंजिन, कंपनीचा टॉर्क २५० न्यूटन मीटर. (जुन्या उस्तादांच्या भाषेत साडेपंचवीस किलोग्रॅम मीटर.) २०२० साली बीएस-६ आल्यावर डिझेल पोलो बंद झाली, त्यामुळे अशा गाड्या आता शौकिनांकडेच जास्त फिरतात. रिमॅप करणाऱ्याने टॉर्क ३३० वर नेल्याचे सांगितले होते. क्लच घसरू लागला. दुकानदाराने सहा बटणांची सिरॅमिक प्लेट काढून दिली, मधला हब स्प्रिंगशिवायचा. "रेसिंगची आहे, कधी घसरणार नाही," असे वर सांगितले. घसरली नाही हे खरेच. पण पहिल्या गिअरमध्ये गाडी बेडकासारखी उडी मारू लागली, पुलाच्या चढावर गर्दीत थरथरू लागली आणि दोन महिन्यांत फ्लायव्हीलवर चरे पडले. मुलगा भांडायला आला तो दुकानदाराकडे नव्हे, मिस्त्रीकडे. मिस्त्रीने स्वतःच्या पदरची मजुरी घालून गिअरबॉक्स पुन्हा उतरवला.

दुकानदाराने खोटा माल दिला नव्हता. तो माल मैदानावरच्या शर्यतीचा होता आणि गाडी रोज सायन-घाटकोपर करणारी होती. गाडी चालते कुठे, एवढा एक प्रश्न कोणी विचारला नाही.

दुसरा प्रश्न टॉर्कचा. आपल्याकडे हॉर्सपॉवरची चर्चा फार होते, पण क्लचला हॉर्सपॉवरशी थेट देणेघेणे नाही. त्याला पीळ झेलायचा असतो. त्याचा हिशेब कोणताही शागीर्द कागदावर करू शकतो. प्लेटच्या दोन बाजू, घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करायचा. समजा दाब ६,००० न्यूटन आहे, म्हणजे सुमारे ६१० किलो. साध्या ऑर्गॅनिक अस्तराचा गुणांक ०.३ धरा आणि त्रिज्या ९ सेंटिमीटर. उत्तर येते ३२४ न्यूटन मीटर. २५० च्या इंजिनाला हे भरपूर आहे. कंपन्या साधारण वीस-तीस टक्के जास्तीची ताकद ठेवतातच. पण इंजिन ३३० चे केले की हिशेब उलटा झाला. शिवाय क्लच तापला की अस्तराची पकड घटते. गुणांक ०.२५ वर आला तर तीच प्लेट २७० ला हात टेकते. सकाळी ठीक चालणारी गाडी घाटात का घसरते, याचे उत्तर यात आहे.

आता तोच हिशेब पुढे न्या. अस्तर साधेच ठेवले आणि दाब पाव पटीने वाढवला, तर ताकद ४०५ होते. ३३० च्या इंजिनाला ती पुरून उरते आणि गाडी पहिल्यासारखी हळुवार उठते. पेडल थोडे जड होईल, ते गिऱ्हाइकाला आधी सांगावे. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला आमची पसंती या जोडीला आहे : मजबूत प्रेशर प्लेट, ऑर्गॅनिक किंवा केव्हलार अस्तर आणि स्प्रिंगचा हब. केव्हलार टिकते, मात्र ते नीट बसेपर्यंत धीर धरावा लागतो. सिरॅमिक बटणे ट्रॅकवर जाणाऱ्याला द्यावीत. दोन प्लेटचा क्लच उत्तम, पण महाग. खडखड आवाजाची तक्रारही घेऊन येतो.

दाब कितीही वाढवावा असेही नाही. पेडल दाबले की त्या प्रमाणात जोर रिलीज बेअरिंग, फोर्क आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. दुप्पट दाबाची प्लेट म्हणजे सिग्नलवर पाय दाबून उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्याला आणि इंजिनाला एकदमच शिक्षा. गरजेपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त, इथेच हात थांबवावा.

कित्येकदा 'अपग्रेड'ची गरजच नसते. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर पूर्ण रेस दिली आणि आरपीएम चढला पण गाडी पळाली नाही, तर क्लच घसरतो हे खरे. पण का घसरतो? प्लेट सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चालून संपलेली असू शकते. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल गळून अस्तर भिजलेले असू शकते. अशा गाडीला महागडा क्लच घातला तरी तेल त्यालाही भिजवणारच. रिमॅप हलके असेल तर कंपनीची नवी प्लेट पुरते, आणि तसे सांगून कमी पैशांचा माल विकणारा दुकानदार आम्ही पाहिला आहे. त्याच्याकडे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकून आहे.

डिझेल गाड्यांचा एक पेच वेगळा. अनेकांना दुहेरी वजनाचे फ्लायव्हील असते, ज्याच्या पोटातील स्प्रिंगा इंजिनाचे धक्के पितात. ते महाग म्हणून काढून साधे फ्लायव्हील बसवण्याची चाल बाजारात आहे. तसे केलेच तर हब निदान स्प्रिंगचा असावा, नाहीतर सगळे धक्के गिअरबॉक्सच्या दातांवर जातात. राहिला डीएसजी. सात गिअरच्या कोरड्या डीएसजीची (डीक्यू २००) मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे आणि त्याचा दुहेरी क्लच खास अवजारांशिवाय बसत नाही. ज्याच्याकडे ती नाहीत त्याने ते काम घेऊ नये.

नकली डब्यांबद्दल वेगळे सांगायला नको. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सीके डायकिनच्या नावाने क्लच बनत. पुढे त्या कंपनीचे नाव एक्सेडी झाले. म्हणजे चांगला माल आपल्या राज्यातही बनत आला आहे. तो अधिकृत वितरकाकडून बिलावर घ्यावा. आपल्या बिलावरही प्लेटचा नंबर, अस्तराचा प्रकार आणि गिऱ्हाइकाने सांगितलेला टॉर्क लिहावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेत्याने उत्पादकापलीकडे जाऊन स्वतः दिलेल्या हमीला वजन आहे. माल त्या हमीला न उतरल्यामुळे कोणाला अपाय झाला, तर जबाबदारी विक्रेत्यावरही येते. "पाचशे झेलेल, माझी गॅरंटी" हे शब्द तोंडातून काढताना याचे भान असावे.

बसवताना रिलीज बेअरिंग नवेच घालावे आणि फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर ते लेथवर घासून घ्यावे. स्प्लाइनला ग्रीस बोटभर नव्हे, नखभर. आणि हाऊसिंगमधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसात बसले की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटे जास्त लागतात. शेजारी उभा असलेला पोऱ्या बहुधा आपलाच पुतण्या किंवा भाचा असतो.

त्या पोलोला शेवटी जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑर्गॅनिक अस्तर बसले. पहिले आठशे किलोमीटर शहरातच हळू चालवायची, जोरात उठवायची नाही, असे मिस्त्रीने मुलाला बजावले आणि बिलाच्या मागे लिहूनही दिले.